पृष्ठीय ध्वनितरंगांचा सेन्सर वायू कसा ओळखतो, आणि त्यावरच्या पातळ थराचे काम काय?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. पृष्ठीय ध्वनितरंगांवर, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत ‘सॉ’ (सरफेस अकूस्टिक वेव्ह) उपकरणावर, चालणारा सेन्सर हवेतला ठरावीक वायू कसा ओळखतो. त्यावर चढवलेल्या पातळ थराचे त्यात काम काय. आणि तुमच्या विभागात स्प्रे पायरोलिसिसने, म्हणजे तापलेल्या पृष्ठभागावर द्रावण फवारून, तयार होणारे टिन ऑक्साइडचे थर एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी अशा उपकरणावर घेता येतील का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. घेता येतील, पण तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या प्रकल्पासाठी घेतले नसते. त्याची कारणे पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांतच दडलेली आहेत, म्हणून तिथून सुरुवात करतो.

घन पदार्थाच्या पृष्ठभागालगतच राहून पुढे सरकणाऱ्या तरंगाचे गणित लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये मांडले होते. भूकंपशास्त्राला त्याचा उपयोग आधी कळला. इलेक्ट्रॉनिक्सला मात्र त्यासाठी १९६५ सालाची वाट पाहावी लागली. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे व्हाइट आणि व्होल्टमर यांनी पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे विद्युतदाब दिला की किंचित आकार बदलणाऱ्या, स्फटिकावर धातूच्या बारीक पट्ट्या एकाआड एक आखून त्यांच्यावर विद्युत संकेत दिला आणि असा तरंग थेट निर्माण करून दाखवला. या रचनेला आयडीटी (इंटरडिजिटल ट्रान्सड्यूसर) म्हणतात आणि तिच्या पट्ट्यांना फिंगर. जुन्या दूरचित्रवाणी संचांत आणि आजच्या मोबाइलमध्ये वारंवारता गाळण्यासाठी वापरले जाणारे सॉ फिल्टर याच रचनेचे आहेत. वायू ओळखण्यासाठी तिचा वापर १९७९ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया येथे वोल्टजेन आणि डेसी यांनी प्रथम करून दाखवला.

एसटी-कट क्वार्ट्झवर, म्हणजे एका ठरावीक कोनात कापलेल्या क्वार्ट्झ स्फटिकावर, या तरंगाचा वेग सेकंदाला सुमारे ३,१६० मीटर असतो. उपकरण १०० मेगाहर्ट्झचे असेल तर तरंगलांबी साधारण ३२ मायक्रोमीटर येते आणि प्रत्येक फिंगर व तिच्या शेजारची रिकामी जागा यांची रुंदी तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे आठ मायक्रोमीटरच्या आसपास, ठेवावी लागते. तरंगाची जवळजवळ सगळी ऊर्जा पृष्ठभागाखालच्या एखाद-दुसऱ्या तरंगलांबीइतक्या खोलीत सामावलेली असते, त्यामुळे पृष्ठभागावर काहीही घडले तरी त्याचा वेग बदलतो. एका टोकाला तरंग सोडणारी आयडीटी, दुसऱ्या टोकाला तो टिपणारी आयडीटी आणि मध्ये मोकळी वाट, अशा रचनेला डिले लाइन म्हणतात. तिच्याभोवती ॲम्प्लिफायर जोडून ऑसिलेटर, म्हणजे स्वतःच्या वारंवारतेने सतत दोलणारे मंडल, केला की वेगातला बदल वारंवारतेतला बदल म्हणून थेट काउंटरवर वाचता येतो. वारंवारता ही भौतिकशास्त्रात सर्वांत अचूक मोजता येणाऱ्या राशींपैकी एक असल्यामुळे या पद्धतीची सारी ताकद तिथून येते.

आता मुख्य मुद्दा. तरंगाला वायू कळत नाही. सोनाराच्या काट्याला पारड्यातली वस्तू सोन्याची की पितळेची हे जसे कळत नाही, तसेच हे आहे. पृष्ठभागावरचे वस्तुमान वाढले, थराचा ताठरपणा बदलला किंवा त्याची विद्युतवाहकता बदलली, एवढेच तो सांगतो. हे अमोनियामुळे झाले की पाण्याच्या वाफेमुळे, हे तो सांगू शकत नाही. ओळखण्याचे काम पूर्णपणे थराचे असते. म्हणून सॉ सेन्सरवर काम करायचे म्हणजे नव्वद टक्के वेळ थरावर काम करायचे, असे मी नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगतो. बरेच जण उलट करतात. उपकरणाच्या आराखड्यात सहा महिने घालवतात आणि थर शेवटच्या महिन्यात कसाबसा चढवतात.

वस्तुमानाचा परिणाम सर्वांत सरळ आहे. एसटी-कट क्वार्ट्झवर १०० मेगाहर्ट्झच्या उपकरणात दर चौरस सेंटिमीटरला एक नॅनोग्रॅम वस्तुमान वाढले तर वारंवारता साधारण १२ ते १३ हर्ट्झने उतरते. तेवढ्याच वस्तुमानाने १० मेगाहर्ट्झच्या नेहमीच्या क्वार्ट्झ क्रिस्टल मायक्रोबॅलन्सची, म्हणजे कंप पावणाऱ्या क्वार्ट्झ चकतीने वस्तुमान मोजणाऱ्या काट्याची, वारंवारता पाव हर्ट्झनेही उतरत नाही. हा बदल वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे मोटारींच्या रिमोटमध्ये सापडणाऱ्या ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या सॉ रेझोनेटरवर तोच आकडा सव्वादोनशे हर्ट्झच्या पुढे जातो. हे वाचून वारंवारता वाढवत नेण्याचा मोह होतो, पण त्याला एक अट आहे. थराची जाडी तरंगलांबीच्या साधारण एक टक्क्याच्या आत राहावी लागते. ती ओलांडली की, विशेषतः थर पॉलिमरचा असेल तर, तरंगाची ऊर्जा थरातच विरते आणि ऑसिलेटर बंद पडतो. वारंवारता वाढली की तरंगलांबी कमी होते, म्हणून थरही पातळ करावा लागतो आणि पातळ थर वायूही कमीच शोषतो. वर्गाच्या प्रमाणात मिळणारा फायदा त्यामुळे प्रत्यक्षात बराच कमी हाती लागतो. शोधनिबंधांच्या प्रस्तावनांमध्ये वर्गाचे सूत्र आवर्जून असते आणि ही अट क्वचितच असते, ही माझी जुनी तक्रार आहे.

पॉलिमरच्या थरात वायूचे रेणू विरघळल्यासारखे शिरतात. हवेतले प्रमाण आणि थरातले प्रमाण यांचे एक स्थिर गुणोत्तर असते आणि ते रेणू व पॉलिमर यांच्या रासायनिक जवळिकीवर ठरते. पॉलिआयसोब्युटिलीन हे अध्रुवीय पॉलिमर हायड्रोकार्बनच्या वाफा चांगल्या शोषते, तर हायड्रोजन-बंध सहज देणारी फ्लोरिनयुक्त पॉलिमर डायमिथाइल मिथाइलफॉस्फोनेटसारख्या, म्हणजे मज्जातंतूंवर हल्ला करणाऱ्या विषारी वायूंच्या जागी चाचणीत वापरल्या जाणाऱ्या, संयुगांना धरतात. पॉलिमर खोलीच्या तापमानाला रबरासारखे मऊ असावे लागते. काचेसारखे कडक असेल तर रेणू आत शिरायला आणि बाहेर पडायला फार वेळ घेतात. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. उत्कलनबिंदू जास्त असलेल्या वाफा अशा थरात पुष्कळ शिरतात, पण मिथेन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन यांसारखे हलके वायू जवळजवळ शिरतच नाहीत. त्यांच्यासाठी थर आणि वायू यांच्यात काही तरी खरी रासायनिक देवाणघेवाण व्हावी लागते.

हायड्रोजनचे उदाहरण त्यासाठी उत्तम आहे, आणि ताठरपणाचा दुसरा परिणामही त्यात दिसतो. १९८२ मध्ये इटलीत द’आमिको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅलेडियमचा थर चढवून सॉ हायड्रोजन सेन्सर केला. पॅलेडियमच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा रेणू दुभंगतो आणि त्याचे अणू धातूच्या जाळीत शिरतात. हायड्रोजन इतका हलका आहे की केवळ वजनाने फारसा बदल दिसणार नाही; दिसतो तो जाळी फुगल्यामुळे थराची घनता आणि स्थितिस्थापकता बदलल्याचा परिणाम, आणि म्हणूनच काही रचनांत वारंवारता खाली न येता वर जाते. वस्तुमानाच्या सूत्राला चिकटून बसलेला विद्यार्थी अशा वेळी गोंधळतो आणि जोडणीत दोष शोधत बसतो. पॅलेडियमची स्वतःची अडचण वेगळीच आहे. खोलीच्या तापमानाला हायड्रोजन एक-दोन टक्क्यांच्या आसपास पोचला की धातूची अवस्था बदलते, थर एकदम फुगतो, आणि वारंवार असे झाले तर त्याला फोड येऊन तो स्फटिकावरून सुटतो. हवेत हायड्रोजन पेट घेण्याची खालची मर्यादा चार टक्के असल्याने नेमक्या धोक्याच्या टप्प्यातच थर दगा देण्याची शक्यता असते. चांदी किंवा निकेल मिसळलेले पॅलेडियम वापरण्यामागचे कारण हेच आहे.

तिसरा परिणाम विद्युतवाहकतेचा आहे, आणि तुमच्या प्रश्नासाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. पिझोइलेक्ट्रिक स्फटिकावरून जाणारा तरंग आपल्याबरोबर विद्युतक्षेत्रही वाहून नेतो. वरच्या थरात विद्युतभार हलू शकत असतील तर ते या क्षेत्राला प्रतिसाद देतात आणि तरंगाचा वेग घटतो. थर पूर्ण निरोधक असेल तर प्रतिसाद नाही; धातूसारखा पूर्ण वाहक असेल तर क्षेत्र आधीच नाहीसे झालेले असते, त्यामुळे वाहकता आणखी वाढली तरी फरक पडत नाही. संवेदनशीलता असते ती या दोहोंच्या मधल्या एका अरुंद पट्ट्यात. लिथियम नायोबेट या पिझोइलेक्ट्रिक स्फटिकावर हा पट्टा थराचा पृष्ठरोध, म्हणजे थराच्या एका चौरस तुकड्याचा विद्युतरोध, दर चौरसाला काही लाख ओहम असताना येतो. माझ्या हिशोबाने वाय-झेड कटसाठी (स्फटिक कापण्याच्या एका ठरावीक दिशेसाठी) मध्य सहा लाखांच्या आसपास पडतो. तुमचा थर कितीही संवेदनशील असला तरी त्याचा रोध या पट्ट्याबाहेर असेल तर सॉ उपकरणाला त्यातले जवळजवळ काहीच दिसणार नाही. १९८५ मध्ये अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत लेड थॅलोसायनिन या सेंद्रिय अर्धवाहकाचा थर लिथियम नायोबेटवर चढवून नायट्रोजन डायऑक्साइड ओळखण्यासाठी याच परिणामाचा वापर केला गेला. हा वायू थरातून इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि थराची वाहकता वाढते.

यावरून स्फटिक कसा निवडायचा ते ठरते. या परिणामाची कमाल मर्यादा स्फटिकाच्या विद्युत-यांत्रिक युग्मन गुणांकाच्या, म्हणजे विद्युत ऊर्जा यांत्रिक तरंगात किती बदलते हे सांगणाऱ्या आकड्याच्या, निम्मी असते. लिथियम नायोबेटसाठी हा गुणांक सुमारे पाच टक्के, तर एसटी-कट क्वार्ट्झसाठी एक टक्क्याच्या दशांशाहून किंचित जास्त आहे. म्हणून वाहकता बदलणारा थर लिथियम नायोबेटवर घ्यावा आणि केवळ वजन मोजणारा पॉलिमर क्वार्ट्झवर. उलट केले तर मोजमाप निघते, पण नेमके काय मोजले याचा उलगडा होत नाही. एकाच थरातले विद्युत आणि यांत्रिक परिणाम वेगळे करायचे असतील तर त्याच स्फटिकावरच्या दुसऱ्या डिले लाइनवर थराखाली सोन्याची अगदी पातळ पट्टी घ्यावी. पट्टीमुळे विद्युतक्षेत्र थरापर्यंत पोचत नाही आणि उरतो तो फक्त यांत्रिक परिणाम. परीक्षक हा प्रश्न हमखास विचारतात आणि ही एक जोडणी त्याचे उत्तर देते.

लिथियम नायोबेटची किंमत मात्र तापमानाच्या रूपात मोजावी लागते. १२८ अंशाच्या कटचा तापमान गुणांक अंशाला सुमारे ७५ पीपीएम (दहा लाखांत ७५ भाग) आहे, म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या उपकरणात तापमान एक अंशाने बदलले की वारंवारता साडेसात हजार हर्ट्झने सरकते. आपण शोधत असलेला बदल काही शे हर्ट्झचा असू शकतो. वायूचा व्हॉल्व्ह उघडताच काउंटर झपाट्याने खाली येताना पाहून आनंद होतो, पण अनेकदा तो बदल वायूचा नसून सिलिंडरमधून आलेल्या थंड प्रवाहाचा असतो. खात्री करायला त्याच प्रवाहाने, त्याच व्हॉल्व्हमधून, नुसता कोरडा नायट्रोजन सोडून पाहावा. एसटी-कट क्वार्ट्झचा गुणांक खोलीच्या तापमानाला शून्याजवळ असतो आणि त्याची लोकप्रियता यामुळेच आहे. थर नसलेली दुसरी डिले लाइन शेजारी ठेवून दोहोंच्या वारंवारतांतला फरक मोजला तर स्फटिकाचा तापमानदोष बराचसा कटतो, पण थराच्या स्वतःच्या तापमानसवयी तशाच राहतात, हे विसरू नये.

पाण्याच्या वाफेचा उपद्रव याहून मोठा आहे. तीस अंश तापमान आणि ऐंशी टक्के सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मुंबई-कोकणातला पावसाळ्यातला साधा दिवस, घेतला तर हवेत पाण्याच्या वाफेचे प्रमाण तेहतीस हजार पीपीएमच्या पुढे जाते. त्यात दहा पीपीएमचा वायू शोधायचा असतो. कोरड्या नायट्रोजनमध्ये मिळालेला सुंदर आलेख अशा हवेत ओळखूही येत नाही. म्हणून किमान दोन-तीन वेगवेगळ्या आर्द्रतांना घेतलेली मोजमापे नसतील, तर कुठल्याही सेन्सरच्या निवडकतेच्या दाव्यावर मी विश्वास ठेवत नाही.

एकच थर एकाच वायूला दाद देईल, ही अपेक्षाही सोडून द्यावी. व्यवहारात वेगवेगळे पॉलिमर चढवलेली चार-सहा उपकरणे शेजारी ठेवतात आणि सर्वांच्या प्रतिसादांच्या आकृतिबंधावरून वायूचा अंदाज बांधतात. ‘झीनोज’ नावाच्या उपकरणाने तर थरालाच रजा दिली आहे. त्यात सॉ स्फटिक उघडाच असतो आणि वायू वेगळे करण्याचे काम आधी जोडलेला गॅस क्रोमॅटोग्राफीचा स्तंभ करतो. ओळखण्याची जबाबदारी तरंगावर टाकता येत नाही, ती कुठे तरी दुसरीकडे द्यावीच लागते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

आता तुमचे टिन ऑक्साइड. त्यात तीन अडचणी दिसतात. पहिली, हा थर बहुतेक वायूंना दोनशे ते चारशे अंश सेल्सिअसला चांगला प्रतिसाद देतो. त्या तापमानाला एसटी-कट क्वार्ट्झचा शून्य गुणांकाचा फायदा उरत नाही. तीनशे अंशांना अंशामागे अठरा-एकोणीस पीपीएमचा उतार तयार होतो. लॅन्गासाइटसारखे स्फटिक उष्णता सोसतात, पण ते महाग पडतात. दुसरी, टिन क्लोराइडच्या द्रावणाचा फवारा चारशे अंशांच्या आसपास तापलेल्या पृष्ठभागावर पडला की हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि तो ॲल्युमिनियमच्या फिंगर खातो. सोन्याच्या किंवा प्लॅटिनमच्या फिंगर असलेले उपकरण नसेल तर हा मार्ग बंदच समजावा. शिवाय फवारा फिंगरवर पडून वाहक थर तयार झाला तर आयडीटीत गळती सुरू होते. थर फक्त मधल्या वाटेवर पडावा म्हणून मास्क लावावा लागतो आणि फवारा मास्कखाली शिरतोच. तिसरी, लिथियम नायोबेट पायरोइलेक्ट्रिक आहे. तो भरभर तापवला किंवा निवू दिला तर पृष्ठभागावर विद्युतभार साचून फिंगरमध्ये ठिणग्या पडतात, कधी स्फटिकच तडकतो. त्याचे तापमान मिनिटाला दोन-तीन अंशांहून जास्त वेगाने बदलू नये.

त्याऐवजी मी अमोनिया आणि पॉलिॲनिलिन ही जोडी सुचवीन. पॉलिॲनिलिनचा थर खोलीच्या तापमानालाच काम करतो. अमोनिया त्यातले प्रोटॉन काढून घेतो, वाहकता घटते, आणि शुद्ध हवा सोडली की ती बऱ्याच अंशी परत येते. डोपिंग, म्हणजे थरात आम्ल मिसळून वाढवलेली वाहकता, कमी-जास्त करून थराचा पृष्ठरोध वर सांगितलेल्या पट्ट्यात आणता येतो. सॉ उपकरणावर चढवण्याआधी काचेवर तोच थर घेऊन मल्टिमीटरने तपासला तरी पुरे. विषयालाही वजन आहे. रत्नागिरीसारख्या ठिकाणच्या मासळी गोठवण्याच्या कारखान्यांपासून खत कारखान्यांपर्यंत अमोनिया सर्रास हाताळला जातो आणि कामाच्या जागी आठ तासांसाठी २५ पीपीएम ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी मानली जाते, त्यामुळे पाच ते पन्नास पीपीएमचा टप्पा ठेवला की प्रकल्पाला अर्थ येतो.

उपकरण १२८ अंशाच्या लिथियम नायोबेटवरचे, ४० ते १०० मेगाहर्ट्झचे आणि दोन डिले लाइनचे घ्या. थर चढवण्याआधी आणि नंतर नेटवर्क ॲनालायझरवर, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतांना किती संकेत पलीकडे पोचतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, संकेताची घट मोजून ठेवा. ती दहा-बारा डेसिबेलहून अधिक वाढली असेल तर थर बहुधा जाड झाला आहे, तो पुसून पुन्हा घ्या. अमोनिया द्रावणाच्या बाटलीतल्या वाफेवर विसंबू नका, तिचे प्रमाण झाकण उघडल्यागणिक बदलते. प्रमाणित सिलिंडर आणि वायूचा प्रवाह नेमका ठेवणारे दोन मास फ्लो कंट्रोलर मिळवा, बाहेर पडणारा वायू धूरकक्षात (फ्यूम हूडमध्ये) सोडा. मोजमापे याच क्रमाने घ्या: आधी तासभर नुसता नायट्रोजन, मग त्याच प्रवाहात ओलसर नायट्रोजन, मग कोरडा अमोनिया चढत्या आणि उतरत्या प्रमाणात, आणि शेवटी ओलसर अमोनिया. हा संच तीन आठवड्यांनी त्याच थरावर पुन्हा घ्या आणि दोन्ही वेळचे आलेख प्रबंधात शेजारी-शेजारी छापा.